उष्ट्या कमांडी

मला उष्टं चालत नाही. लहानपणापासून नाही. बहिणीनं ओठ लावलेल्या पेल्यातलं पाणी मी मोरीत ओतून द्यायचे आणि त्यावरून धपाटे खायचे. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत असले नखरे परवडणारे नव्हते. पण मी ओतायचे ते ओतायचेच. पुढे नोकरी लागली ती अशा ऑफिसात, जिथे माणसं कमांडसुद्धा एकमेकांची उष्टी वापरत. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांनी ते ऑफिस पाहिलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला देवपुरात एका दवाखान्याच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. खालून औषधांचा वास यायचा आणि वर आम्ही काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवत बसायचो. युनिक्स शिकवायचे. माउस नाही, चित्रं नाही. मशीनला काय हवं ते कमांड टाइप करून सांगायचं आणि ती ऐकून घेणारा जो प्रोग्रॅम, त्याला शेल म्हणायचे. टाइप करताना चूक झाली तर ती कशी सुधारायची, आधीची कमांड परत कशी बोलवायची, याच्या दोन रीती होत्या, आणि तुम्हाला कोणती हवी ते शेलला आधी सांगून ठेवावं लागे. एका रीतीत कंट्रोलचं बटण दाबून धरून अक्षरं मारायची. तिचं नाव ईमॅक्स. दुसरीचं नाव व्हीआय. तिच्यात एस्केप दाबलं की साधी अक्षरंच हुकूम होतात: के मारलं की मागची कमांड समोर, एच मारलं की डावीकडे, एल मारलं की उजवीकडे, एक्स मारलं की चुकलेलं अक्षर नाहीसं. कमांड हवी तशी झाली की एंटर. बोटं जागची हलत नाहीत, करंगळी आखडत नाही. मला ही व्हीआयची रीत इतकी आवडली की महिनाभरात मी घरात भाजी चिरतानासुद्धा मनात एस्केप दाबायला लागले.

क्लासात प्रत्येकाला आपलं लॉगिन होतं. लॉगिन म्हणजे मशीनमधली आपली खोली. तिथे आपली एक फाइल, तिच्यात एक ओळ लिहून ठेवली की शेल रोज आपल्याच रीतीनं वागायचं. माझी ओळ व्हीआयची होती. आमच्या घरात माझं असं कपाट नव्हतं, खण नव्हता, कंगवासुद्धा दोघींत एक होता. त्या मशीनमध्ये मात्र माझ्या नावाची जागा होती आणि तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता. मला तेव्हा काय वाटायचं ते सांगू? श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

मग जळगावला नोकरी लागली. केळी उत्पादकांचा एक सहकारी संघ होता, त्याच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून. काम सोपं होतं. पूर्वेकडच्या गावांतले शेतकरी येऊन नाव नोंदवायचे, की माझी बाग कापणीला आली. रोज संध्याकाळी मशीनमधून उद्याच्या कापणीचे नंबर काढायचे, ते छापून जीपनं रावेरकडच्या स्टेशनांवर धाडायचे. ज्याचा नंबर लागला त्याच्या बागेत सकाळी मजूर जाणार, हिरवे घड उतरणार, वॅगन भरून दिल्लीला निघणार. नंबर चुकला तर पुढचा लागेपर्यंत केळी झाडावरच पिवळी होते. पिवळी केळी दिल्लीला जात नाही. ती गुरांपुढे जाते.

ऑफिस नानांच्या ताब्यात होतं. नाना म्हणजे आमचे मॅनेजर, पांढरी सफारी, कपाळाला गंध, तोंडात पान. सगळे त्यांना नानाच म्हणत. दुसरा ऑपरेटर होता त्याला मी भाऊ म्हणायचे. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा आणि त्याचा डावा तळहात कायम तंबाखूसाठी राखीव. तंबाखू मळायची, चुना लावायचा, चिमूट ओठाआड सारायची, आणि त्याच बोटांनी कीबोर्डवर बसायचं. पहिल्या दिवशी मी एस्केपचं बटण दाबलं आणि ते खाली गेलं ते वर आलंच नाही. उचकटून पाहिलं तर आत तंबाखूचा काळा लगदा. मी बाहेर जाऊन तीनदा हात धुतले. आत आले तेव्हा भाऊ शिपायाला सांगत होता की धुळ्याहून सोवळं आलंय.

याहून वाईट पुढे होतं. ऑफिसात टर्मिनलं, म्हणजे एकाच मशीनला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड, तीन आणि लॉगिन एक. संघाच्या नावाचं. पासवर्डही संघाचंच नाव. पुण्याहून मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं म्हणे विचारलं होतं, प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊ का. नानांनी त्याला झापलं होतं, आम्ही काय वेगळे निघालोय का? जेवायला सगळे एका डब्यात हात घालत, पाणी एका तांब्यातून पीत, तसे मशीनवरही एकाच नावानं बसत. कुणी लॉगआउट करत नसे. जे टर्मिनल मोकळं असेल त्यावर जाऊन बसायचं, आधीच्यानं जे काय पसरून ठेवलं असेल त्यातच आपलं पुढे ढकलायचं.

लॉगिन एक म्हणजे फाइल एक, आणि फाइल एक म्हणजे रीतही एकच. भाऊला ईमॅक्सची सवय होती. मी सकाळी त्या फाइलीत व्हीआयची ओळ लिहायचे, दुपारी तो ती खोडून ईमॅक्सची लिहायचा. मी एस्केप दाबून के मारलं की मशीन नुसतं बीप करायचं आणि भाऊ तिकडून हसायचा. शेवटी मी फाइलीचा नाद सोडला आणि ज्या टर्मिनलवर बसेन तिथे रोज हातानं ओळ टाइप करायला लागले.

आणि एस्केप, के मारलं की समोर काय यायचं? माझी मागची कमांड? छे. आमच्या शेलची खोड अशी की एका लॉगिनच्या सगळ्या कमांडी ते एकाच हिस्टरीत, एकाखाली एक, साठवून ठेवायचं. तिन्ही टर्मिनलांवर कोण काय टाइप करतंय ते सगळं तिथे कालवलं जायचं. मी माझी कमांड मागायला जावं आणि भाऊनं पलीकडे अर्ध्या मिनिटापूर्वी मारलेली समोर यावी. त्याच्या चुका, त्याच्या अर्धवट सोडलेल्या ओळी, एकदा तर नुसत्या कंटाळ्यानं टाइप केलेली शिवी. शिवीनंतर एंटर मारलेलं होतं, म्हणजे त्यानं ती मशीनला खरोखर दिली होती. कुणाच्या ताटातला चावलेला घास आपल्या ताटात सापडावा तसं व्हायचं.

मी नानांकडे गेले. म्हटलं, मला माझं लॉगिन द्या. कारण सांगितलं, नीट समजावून सांगितलं. नानांनी पानाची पिंक कोपऱ्यातल्या डब्यात टाकली, ती अर्धी डब्याबाहेर पडली. ते म्हणाले, तुला घरचं काही कमी पडतंय का इथे? सुटीत धुळ्याला घरी जाऊन मी आईला सांगितलं तर तिचंही तेच.

"आपला घरमां हात पुसाना फडका एकच शे ना? बठ्ठा घर वापरस," ती म्हणाली. "तुले एकलीले येगळा काब्र पाहिजे?"

आईचा राग आला नाही. तिला मशीन माहीत नव्हतं. नानांना माहीत असायला हवं होतं, आणि त्यांना मशीनमधली फक्त एक गोष्ट माहीत होती. ती त्यांनी माझ्याकडूनच उचलली होती. माझ्या मागे उभं राहून त्यांनी पाहिलं होतं की एस्केप, के मारलं की मागची कमांड आपोआप उमटते. त्यांना तो चमत्कार वाटला. तेव्हापासून कुणी पाहुणा आला, संचालक आले, की नाना मला उठवायचे, माझ्या खुर्चीत बसायचे आणि दाखवायचे. एस्केप, के, एंटर. मशीन विसरत नाही बघा, म्हणायचे. बहुतेक वेळा तारीख नाहीतर फाइलींची यादी पडद्यावर धावायची आणि पाहुणे माना डोलवायचे. मी कितीदा सांगितलं की नाना, एंटर मारू नका, समोर आलेली कमांड कुणाची आहे तेच कळत नाही. ते म्हणायचे, आपल्याच लोकांची आहे ना.

एका दुपारी चारच्या सुमाराला एका संचालकांचे व्याही आले. भाऊनं नुकतीच उद्याच्या नंबरांची फाइल केली होती. तिची पद्धत अशी होती की कालची फाइल काढून टाकण्याची कमांड आधी द्यायची आणि मग नवी फाइल बनवण्याची. नाव दोन्हींचं एकच. नवी फाइल तयार होती, छापायची राहिली होती, भाऊ तंबाखू थुंकायला बाहेर गेला होता. नाना आले. जरा उठ गं, म्हणाले. मी उठले आणि मागे उभी राहिले. एस्केप, के. फाइल बनवण्याची कमांड आली. व्याह्यांनी विचारलं, याच्या मागचंही आठवतं का त्याला? नानांनी आणखी एकदा के मारलं.

फाइल काढून टाकण्याची कमांड माझ्या डोळ्यांसमोर उभी होती.

"नाना, एंटर नको," मी म्हटलं.

त्यांनी एंटर मारलं. पडद्यावर काहीच झालं नाही. ही कमांड काम करते आणि गप्प बसते, तिचा स्वभावच तो. नाना व्याह्यांना म्हणाले, बघा किती झटपट, आणि त्यांना चहाला घेऊन गेले.

भाऊ परत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. दुपारच्या नोंदी भाऊनं चिठ्ठ्यांवरून थेट त्याच फाइलीत भरल्या होत्या, म्हणजे दुपारी आलेल्या शेतकऱ्यांची नावं गेली होती. सकाळची एक प्रत होती, तिच्यावरून फाइल पुन्हा बनवता आली असती, पण दुपारच्या चिठ्ठ्या परत भराव्या लागणार होत्या. मी भरते म्हटलं. तो म्हणाला, माझं काम आहे, मी करतो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यानं आपल्या बाजूला ओढला. मग त्यानं सकाळच्या प्रतीवरून नंबर काढले, छापले, जीपवाल्याच्या हातात दिले आणि साडेपाचची गाडी पकडायला निघून गेला. गठ्ठा जिथे होता तिथेच होता. ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं, तेव्हा वॅगन भरत होती.

आठवड्याभरात एक म्हातारे शेतकरी आले. सावद्याच्या बाजूचे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. धोतर चिखलानं भरलेलं, हातात पिवळ्याधमक केळ्यांची एक फणी. ती त्यांनी नानांच्या टेबलावर ठेवली. दुपारी नाव नोंदवून गेले होते, नंबर लागेल म्हणून मजूर सांगून ठेवले होते, आणि जीपच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. पुढची वॅगन मिळेपर्यंत बाग पिकली. ते आरडाओरडा करायला आले नव्हते.

"मले एवढंच सांगा," ते म्हणाले, "मह्यं नाव कोनी काढलं?"

भाऊ कीबोर्डकडे बघत होता. नाना माझ्याकडे बघत होते. मग नाना आबांना म्हणाले, शांतपणे, समजुतीच्या आवाजात, की ही मुलगी धुळ्याहून शिकून आली आहे, तिनं मशीनचं सेटिंग बदलून ठेवलं, बटणांचे अर्थच फिरवून ठेवले, पूर्वी असं होत नव्हतं. मी तिथल्या तिथे सांगितलं. एंटर कुणी मारलं, चिठ्ठ्या कुणी भरल्या नाहीत, सगळं. माझा आवाज चढला होता, चढू दे म्हटलं. नाना म्हणाले, मशीनला विचारू, कुणाचं नाव आहे त्या कमांडीवर? आणि स्वतःच उत्तर दिलं, संघाचं आहे. म्हणजे कुणाचंच नाही. आबा आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिले, मग फणी तशीच टेबलावर ठेवून उठून गेले.

ते जिना उतरले नसतील तेवढ्यात भाऊनं त्या फणीतलं एक केळं मोडलं, सोललं आणि खाल्लं. नानांनीही एक घेतलं. छान गोड निघालीय, म्हणाले. मला एक पुढे केलं. मी मोरीवर गेले आणि खरंच ओकले.

पंधरवड्यानंतर संचालकांच्या बैठकीत ठरलं की यापुढे जबाबदारी निश्चित असावी. पुण्याचा इंजिनिअर आला आणि त्यानं माझं लॉगिन बनवलं. माझ्या नावाचं. नंबरांची फाइल बनवणं, काढून टाकणं, सगळं यापुढे त्याच लॉगिनवरून होणार होतं. नाना म्हणाले, झालं ना तुझ्या मनासारखं? मला तेव्हा शंका यायला हवी होती, पण मी हरखले होते. मी माझी फाइल उघडली, व्हीआयची ओळ लिहिली, एस्केपचं बटण स्पिरिटनं पुसलं. हिस्टरी कोरी होती. मी एक कमांड दिली, एस्केप, के मारलं, आणि माझीच कमांड समोर आली. दिवसभर मी उगाच के मारून बघत होते. पासवर्ड माझा होता, कुणाला सांगितलेला नव्हता. तो आठवडा त्या ऑफिसातला माझा एकमेव चांगला आठवडा.

रविवारला जोडून रजा घेऊन मी धुळ्याला गेले. परत आले तर पासवर्ड चालेना. दोनदा मारला, तीनदा मारला. भाऊ पलीकडून मान वर न करता म्हणाला की बदललाय. मशीनचा मुख्य पासवर्ड नानांकडे असायचा, त्यांनी इंजिनिअरला फोनवर विचारून विचारून माझा बदलला होता. काम अडायला नको म्हणून. नवा कोणता? भाऊ म्हणाला, कोणता असणार, संघाचाच. मी तो टाकला, आत गेले आणि एस्केप, के मारलं, तर नुसतं बीप. हातानं व्हीआयची ओळ टाइप केली आणि पुन्हा मारत गेले. भाऊच्या कमांडी. आणखी मागे गेले, नानांच्या असाव्यात अशा, चुकलेल्या, पुन्हा पुन्हा मारलेल्या. सगळ्या माझ्या नावावर. माझ्या फाइलीतली व्हीआयची ओळ खोडून तिथे ईमॅक्सची लिहिलेली होती.

मी नानांसमोर जाऊन उभी राहिले. बसायला सांगितलं तरी बसले नाही. म्हटलं, माझं नाव मशीनवरून काढा. मला लॉगिन नको, मी संघाच्याच नावावर बसते.

नाना सुपारी कातरत होते. थांबले नाहीत.

"काम सोडायचं तर सोड बेटा," ते म्हणाले. "नाव राहू दे."

मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, चांगली पंख्याखालची नोकरी सोडली म्हणून. मी देवपुरातच एका शाळेत शिकवायला लागले. कीबोर्ड बरेच दिवस समोर आला नाही.

चार-पाच वर्षं गेली असतील. पाचोऱ्याला लग्न होतं. पंगतीत माझ्या समोरच्या ओळीत आबा बसलेले दिसले. बरेच थकले होते, पण मी ओळखलं. जेवणं झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले, विचारलं, आबा, ओळखलं का? त्यांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"तूच नं ती मशीनवाली," ते म्हणाले. "पोरी, मह्या केयीशी तुझं काय वैर हाय? मांगच्या मयन्यातबी नंबर काढून टाकला मह्या."

मी म्हटलं, आबा, मी ती नोकरी सोडून वर्षं झाली. मी तिथे नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि मला पुन्हा एकदा नीट पाहिलं. त्यांना ऑफिसात मशीनवर दाखवलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि भाऊनं वाचूनही दाखवलं होतं. नाव माझंच होतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, एखादी पोर खोटं बोलताना सापडली की मोठी माणसं समजावतात तसं. मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून हात धुवायला गेले.